झड लागली की शेतातली सोलर पेटी तिसऱ्या दिवशी मरते, पॅनेल मोठं घेऊ का?

काटोलचा_संत्रेवाला | 19 जुलै, रात्री 9:40

राजेहो, बऱ्याच दिवसांपासून नुसता वाचून रायलो, आज लिहायची पाळी आली. काटोलकडं आमची सहा एकर संत्र्याची बाग हाय, मी राहतो इकडं मानेवाड्याले, शेतात आठवड्यातून एखादी चक्कर. म्हणून मागच्या दिवाळीत विहिरीजवळ खांबावर एक पेटी बसवली. विहिरीतलं पाणी किती खाली गेलं ते आणि दोन झाडांखालची ओल, एवढंच मोजते अन् दर अर्ध्या तासानं मोबाईलवर धाडते. सामान असं: ईएसपी32 चा साधा डेव्हलपमेंट बोर्ड (पेटीचा मेंदू), सिम800एल (सिम टाकून मोबाईल नेटवर्कवर निरोप धाडणारं मॉड्यूल), जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले दोन 18650 सेल पॅरलल जोडून, टीपी4056 चं चार्जिंग मॉड्यूल, वरती 6 व्होल्ट 3 वॉटचं पॅनेल.

हिवाळाभर घोड्यावानी चालली. मे मधी भर उन्हात दोनदा बंद पडली, काऊन पडली ते समजलंच नाई. अन् आता झड लागली तं तिसऱ्या दिवशी मेली, ऊन पडलं की दुसऱ्या दिवशी दुपारी जिवंत, पुन्हा आभाळ आलं की पुन्हा डोळे मिटले. नेमकं पावसातच मले पाहाचं असते, मागच्या साली खोलगट भागात पाणी साचून चार झाडं डिंक्यानं गेली. दुकानदार म्हणते 3 वॉटानं काय होते, 20 वॉटचं पॅनेल लावून टाका. घेऊ का?

फुकट_सल्ला | 19 जुलै, रात्री 9:52

20 कायले, 330 चंच लावा, खाली बसून पोहे तर्री खाता येईल 😄

बर्डी_रिपेअरवाला | 19 जुलै, रात्री 10:15

थांबा भाऊ, पैसे देऊ नका अजून. बाजारात 20 वॉटचं पॅनेल मागाल तर बहुतेक 12 व्होल्टवालंच हातात देतील, त्यात 36 सेल असतात आणि लोड नसताना वायरवर 21-22 व्होल्ट येतात. टीपी4056 ची सोसायची हद्द 8 व्होल्ट. ते पॅनेल थेट जोडलं की धूर बघायला तुम्हाला काटोलला जावं लागेल. बरं 6 व्होल्टवालं 20 वॉटचं शोधून काढलं तरी तो चिप जास्तीत जास्त 1 अँपिअरने चार्ज करतो, बाकीचं पॅनेल नुसतं शोभेला. माझ्याकडे असे जळालेले मॉड्यूल डबाभर पडलेत, लोक पॅनेल वाढवतात आणि मधलं मॉड्यूल तेच ठेवतात.

हिंगणा_हार्डवेअर | 19 जुलै, रात्री 10:48

पॅनेलचं नंतर बघू, आधी हे सांगा की पेटी झोपलेली असताना किती करंट खाते? मोजलंय का कधी?

काटोलचा_संत्रेवाला | 19 जुलै, रात्री 10:55

मोजलं नाई ताई. पण डीप स्लीप, म्हणजे काम नसलं की बोर्डाले झोपवाचं, ते टाकलं हाय ना कोडमधी. ईएसपी32 डीप स्लीपमधी 10 मायक्रोअँपिअर घेते असं वाचलं होतं.

हिंगणा_हार्डवेअर | 19 जुलै, रात्री 11:20

हीच ती गोम. ते 10 मायक्रोअँपिअर नुसत्या चिपचे, तुमच्या बोर्डाचे नाहीत. बोर्डावर तो लाल पॉवर एलईडी आहे तो रात्रंदिवस जळतोय, यूएसबीची वेगळी चिप आहे, आणि एएमएस1117 रेग्युलेटर (व्होल्ट उतरवून स्थिर ठेवणारा) असेल तर तो एकटाच काही न करता 5 मिलीअँपिअरच्या आसपास पितो. त्याहून मोठा चोर सिम800एल. त्याला तुम्ही झोपवलंय का? बोर्ड झोपला म्हणजे सिम मॉड्यूल झोपलं असं नसतं, ते बिचारं टॉवरशी बोलत बसतं, नुसतं जागं राहायला 18 च्या आसपास मिलीअँपिअर.

शेतात जाल तेव्हा मल्टीमीटर बॅटरीच्या प्लसमध्ये सिरीजला घाला. आणि एक, आधी 10 अँपिअरच्या भोकात प्रोब ठेवा, पेटी झोपली की मगच मिलीअँपिअरवर या. सिम800एल टॉवरला हाक मारताना क्षणभर 2 अँपिअरपर्यंत ओढतं, मीटरचा फ्यूज जातो.

काटोलचा_संत्रेवाला | 21 जुलै, संध्याकाळी 7:05

फ्यूज गेला.

(तुमी सांगूनबी. घाईत होतो, पाऊस भुरभुर चालू होता, छत्री एका हातात.) मंग गावातल्या वायरमनचा मीटर आणला अन् नीट मोजलं. झोपेत 31 मिलीअँपिअर! दोनदा मोजलं, तेवढंच.

हिंगणा_हार्डवेअर | 21 जुलै, रात्री 8:30

वा, आता हिशोब करता येतो. 31 गुणिले 24, दिवसाला 744 एमएएच (मिलीअँपिअर-तास, बॅटरीतल्या चार्जचं माप) नुसते झोपायचे. आणि काम करायचे किती? दिवसात 48 वेळा उठते, प्रत्येक वेळी 25 सेकंद धरू, सरासरी 150 मिलीअँपिअर, म्हणजे 50 एमएएच. कामाला 50 आणि झोपायला 744, असा गडी कोणी शेतावर ठेवेल का?

आता पॅनेल. 3 वॉटचं म्हणजे चांगल्या उन्हात साधारण 450 मिलीअँपिअर. हिवाळ्यात स्वच्छ ऊन, दिवसाला 5 तासांचं पूर्ण ऊन धरलं तर 2200 च्या वर मिळतात, म्हणून घोड्यावानी चालली. झड लागली की दिवसभराचा उजेड गोळा करून पाऊण तासाच्या उन्हाएवढा भरला तरी नशीब, म्हणजे 300-350. रोज 450 चा खड्डा पडतोय. लॅपटॉपच्या जुन्या सेलात दोन्ही मिळून खरे 1500 उरले असतील, तिसऱ्या दिवशी मरणारच. पॅनेलची काही चूक नाही हो, ते गरीब आपलं काम करतंय.

नवीन440 | 21 जुलै, रात्री 9:02

पण ताई ढगाळ असलं तरी उजेड तर असतोच की, मला बाहेर सगळं दिसतं, मग एवढं कमी कसं?

निवृत्त_मास्तर | 21 जुलै, रात्री 10:10

डोळ्यावर विश्वास ठेवू नका, डोळा फार लबाड असतो. बाहुली मोठी होते आणि दहापट कमी उजेडही आपल्याला "बऱ्यापैकी" वाटतो. पॅनेलला बाहुली नाही. पॅनेलवर छापलेले वॉट हे दर चौरस मीटरला 1000 वॉट ऊन आणि सेलचं तापमान 25 अंश या दोन अटींवर असतात, आता नागपुरात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कधी भेटतात ते तुम्हीच सांगा. मे मध्ये हवा 45, त्यावर उन्हात सेल आणखी 25-30 अंश तापतो, 70 च्या पुढे गेला. दर अंशाला साधारण 0.4 टक्का उत्पादन घटतं, म्हणजे ऐन उन्हाळ्यात 18-20 टक्के तिथेच गेले. धूळ वेगळी.

कलाबद्दल कोणी विचारलं नाही पण सांगतो, कारण सगळे "अक्षांशाएवढा कल, दक्षिणेला तोंड" एवढं पाठ करून बसलेत. नागपूर 21 अंशावर आहे, वर्षाच्या एकूण उत्पादनासाठी तो नियम ठीक. पण तुमची पेटी एकूण उत्पादनावर जगत नाही, सगळ्यात वाईट पंधरवड्यावर जगते, आणि तो जुलै-ऑगस्टात. आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस (भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर) 26 मेच्या आसपास, दुसऱ्यांदा 17 जुलैच्या आसपास. या मधल्या काळात भर दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो. शिवाय पावसाळ्यात ऊन एका दिशेने येतच नाही, सगळ्या आभाळातून पसरून येतं, म्हणून पॅनेल जितकं आडवं तितकं बरं. मग अगदी सपाट का नको? धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा वाहून जायला थोडा उतार हवा. 10 ते 15 अंश ठेवा. डिसेंबरात सूर्य दुपारीही 45 अंशापर्यंतच चढतो, तिथे थोडं नुकसान होईल, पण तेव्हा ऊन इतकं लख्ख असतं की चालतं.

काटोलचा_संत्रेवाला | 21 जुलै, रात्री 10:31

सर, माझ्या पॅनेलचा कल तर उन्हाळ्यात आपोआपच बदलला. काळी माती भेगाळली अन् खांब पूर्वेकडं वाकला. आता पावसानं माती फुगली तरी तो तसाच दारू पेलेल्या माणसावानी उभा.

सातपुड्याच्या_पायथ्याशी | 22 जुलै, सकाळी 7:20

काळ्या मातीत दीड फुटाचा खड्डा चालत नाही भाऊ, आमच्याकडे देवलापारला मुरूम लागेपर्यंत खाली गेलो, मग काँक्रीट, तरच खांब ठरला. आणि झाडापासून लांब लावा. लहान पॅनेलमध्ये सगळे सेल एका माळेत असतात, सावलीतल्या सेलला वळसा देणारा बायपास डायोड बहुतेक नसतोच, एका सेलवर संत्र्याच्या फांदीची सावली पडली की अख्ख्या पॅनेलचा करंट बसतो.

माझा पण एक प्रश्न याच धाग्यात टाकतो. माझ्या धुऱ्यावर रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) दोन्ही येतात, तिथे 4जी कॅमेरा लावून मोबाईलवर लाइव्ह बघायचंय, 24 तास. किती वॉट?

बर्डी_रिपेअरवाला | 22 जुलै, सकाळी 11:45

लाइव्ह 24 तास म्हणजे खर्चात पडाल. कॅमेरा आणि 4जी मिळून, रात्रीचे इन्फ्रारेड दिवे धरून, 5 वॉट समजा. दिवसाला 120 वॉट-तास. दोन अंधारे दिवस काढायचे तर 12 व्होल्ट 42 एएचची लेड अ‍ॅसिड बॅटरी लागेल, कारण तिची अर्धीच वापरायची, पूर्ण रिकामी करत गेलात तर वर्षात भंगार. पॅनेल 100 वॉटचं. एवढं मोठं पॅनेल धुऱ्यावर लावलं की डुकराआधी चोर येईल.

पीआयआर सेन्सरवर (समोरची हालचाल ओळखणारा) उठणारा कॅमेरा घ्या. जंगलात वाघ मोजायला जे कॅमेरा ट्रॅप लावतात ते पेन्सिल सेलवर चालतात, पॅनेल नाही काही नाही, कारण समोरून काही गेलं तरच ते जागे होतात. तुमचंही काम तेवढंच आहे, डुक्कर आलं की फोटो यावा, रिकामं वावर रात्रभर बघून काय करणार? फक्त कॅमेऱ्याचं तोंड तुमच्या शेताकडे ठेवा, जंगलाच्या हद्दीत परवानगीशिवाय काही बांधू नका.

सातपुड्याच्या_पायथ्याशी | 22 जुलै, दुपारी 12:10

रिकामं वावर बघायची पण मजा असते हो 😀 पण पटलं.

हिंगणा_हार्डवेअर | 22 जुलै, रात्री 9:15

संत्रेवाले दादा, तुमच्याकडे परत येते. मे मध्ये का बंद पडली त्याचं उत्तर राहिलं. पेटी कोणत्या रंगाची आणि कुठे?

काटोलचा_संत्रेवाला | 22 जुलै, रात्री 9:24

करड्या रंगाची, लाइटवाल्याकडं भेटते ती जंक्शन पेटी. खांबाले दक्षिणेकडून कसली हाय, पॅनेल वरतं वेगळं.

हिंगणा_हार्डवेअर | 22 जुलै, रात्री 10:02

म्हणजे दिवसभर उन्हात. बाहेर 45 असताना बंद करड्या पेटीत 60 सहज होतं. लिथियम-आयन सेल चार्ज करायची हद्द साधारण 45 अंशाची असते आणि आपल्या मे मध्ये सकाळी दहालाच आत ती ओलांडली जाते. टीपी4056 चिपला तापमान बघायची पिन आहे पण बाजारच्या मॉड्यूलमध्ये ती सरळ ग्राउंडला जोडलेली असते, म्हणजे डोळ्यावर पट्टी. शिवाय तो लिनियर चार्जर, पॅनेलचे 6 आणि बॅटरीचे 4, मधला फरक उष्णता करून त्याच पेटीत सोडतो. सेल तिथेच म्हातारे झाले.

मी काय करीन सांगते. लिथियम फॉस्फेटचा एक 32650 सेल, 6000 एमएएचचा. उष्णतेला बराच सोशिक, आणि 3.2 व्होल्टचा असल्यामुळे ईएसपी32 ला रेग्युलेटर न लावता थेट 3.3 च्या पिनवर देता येतो. चार्ज करायला टीपी4056 अजिबात नाही, तो 4.2 पर्यंत नेतो आणि हा सेल 3.65 च्या वर नेऊ नये. टीपी5000 चं मॉड्यूल घ्या, त्यावर 3.6 चा जंपर असतो, आणि चार्जिंग करंट पॅनेल देईल त्याहून कमी ठेवा.

बर्डी_रिपेअरवाला | 22 जुलै, रात्री 10:20

ताई, एक अडतंय. सिम800एल ला 3.4 ते 4.4 लागतात. फॉस्फेटच्या 3.2 वर ते उठणारच नाही, उठलं तर हाक मारताना बसेल.

हिंगणा_हार्डवेअर | 22 जुलै, रात्री 10:26

अरे हो, बरोबर. हे माझ्या ध्यानात आलं नाही. दादा, शेतात तुमचं घर वगैरे काही आहे का जिथे लाइट आहे?

काटोलचा_संत्रेवाला | 22 जुलै, रात्री 10:40

गोठा हाय, विहिरीपासून 600 मीटर असन. लाइट हाय, इन्व्हर्टरबी हाय, गड्याचा टीव्ही चालते त्याच्यावर.

हिंगणा_हार्डवेअर | 22 जुलै, रात्री 11:05

मग झालं काम. पेटीतून सिम काढूनच टाका. तिथे लोरा मॉड्यूल (सिमशिवाय लांबवर छोटा निरोप पाठवणारा रेडिओ), एसएक्स1276 वालं, ते 3.2 व्होल्टवर खुशाल चालतं. सिम आणि इंटरनेटचं लटांबर गोठ्यात, लाइटवर. लोरा घेताना 868 लिहिलेलं घ्या आणि कोडमध्ये 865 ते 867 मेगाहर्ट्झमध्ये ठेवा, आपल्याकडे तो पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. अँटेना झाडांच्या शेंड्याच्या वर काढा, पावसात ओली पानं सिग्नल खातात.

खर्च बघा आता. उघडा ईएसपी32 मॉड्यूल, एलईडी नाही, रेग्युलेटर नाही, सेन्सरचा पुरवठा मॉस्फेटने, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचने, तोडायचा (हे विसरू नका, पातळीचा सेन्सर सतत चालू राहिला तर सगळं मुसळ केरात). झोपेत 0.2 मिलीअँपिअर धरू, दिवसाला 5 एमएएच. मोजणी आणि पाठवणी मिळून आणखी 3. एकूण 8. तुमच्या 744 अधिक 50 च्या जागी 8. तो 6000 चा सेल कागदावर दोन वर्षं पॅनेलशिवाय जातो, प्रत्यक्षात अर्धा धरा. 3 वॉटचं पॅनेल आता उलट जास्तच आहे.

फुकट_सल्ला | 22 जुलै, रात्री 11:12

म्हणजे दुकानदाराचं 20 वॉटचं पॅनेल कॅन्सल. त्याच्या पोराच्या शिक्षणाचं काय?

निवृत्त_मास्तर | 23 जुलै, सकाळी 6:50

उष्णतेसाठी: पेटी पांढरी करा, खांबाच्या उत्तर बाजूला घ्या आणि पॅनेलच तिचं छप्पर करा, पण मध्ये चार बोटं फट हवी, वारा फिरला पाहिजे. पॅनेलला चिकटवून पेटी लावणारे बघितलेत, ते तव्यावर पोळी ठेवल्यासारखं आहे. वायरी खालूनच आत घ्या, ग्लँड (वायरीभोवती आवळायचं बूच) घट्ट, आणि ग्लँडच्या आधी वायरीला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच टपकेल.

सातपुड्याच्या_पायथ्याशी | 23 जुलै, सकाळी 8:05

आणि एक भोकसुद्धा उघडं ठेवू नका. माझ्या पेटीत गांधीलमाश्यांनी घर केलं होतं, झाकण उघडलं आणि मी मोटरसायकल तिथेच टाकून पळालो. खारी वायर कुरतडतात, वायर कडक पाइपातून घ्या. माकडांवर उपाय नाही, सापडला तर मलाही कळवा.

काटोलचा_संत्रेवाला | 14 सप्टेंबर, रात्री 9:30

मंडळी, उशीर झाला, पोळा झाला, तिकडंच होतो. सगळं नवीन करून 6 ऑगस्टले बसवली. सर म्हणत तसं पॅनेलचं छप्पर, कल 12 अंश, खांबाखाली मुरूम लागेपर्यंत खोदलं. ओलीच्या सेन्सरच्या कडांले बायकोचं नेलपॉलिश लावलं कारण कडेतून पाणी शिरून तो वेड्यावानी आकडे दाखवाचा. झोपेतला करंट 0.26 मिलीअँपिअर आला.

मधी आठ दिवस सूर्य पाहाले नाई भेटला तरी एकबी निरोप चुकला नाई. हां, 21 ऑगस्टले एकदा सगळं बंद पडलं तं माझा जीव वरखाली, रातच्या रात निघालो काटोलले. पेटी ठणठणीत. गोठ्यातल्या सिमचा रिचार्ज संपला होता.

आठ दिवसांच्या झडीत बॅटरी 3.33 वरून फक्त 3.29 व्होल्टवर आली. म्हणजे काहीच उतरली नाई ना?

निवृत्त_मास्तर | 14 सप्टेंबर, रात्री 10:05

अभिनंदन. पण त्या व्होल्टवरून निष्कर्ष काढू नका. फॉस्फेट सेलचा आलेख मधे अगदी सपाट असतो, बराच उतरला तरी 3.2-3.3 च दाखवतो आणि शेवटी एकदम कड्यावरून पडतो.

काटोलचा_संत्रेवाला | 14 सप्टेंबर, रात्री 10:11

अरे बाप्पा. मंग बॅटरीत किती उरलं ते समजाचं कसं?

हिंगणा_हार्डवेअर | 14 सप्टेंबर, रात्री 10:40

व्होल्ट बघू नका, हिशोब ठेवा. पॅनेलच्या वायरीत एक आयएनए219 (करंट मोजायची चिप) लावा, पण त्याचाही पुरवठा मॉस्फेटवरच, नाहीतर तो एकटाच तासाला 1 मिलीअँपिअर... म्हणजे सतत 1 मिलीअँपिअर खाईल, तुमच्या अख्ख्या पेटीच्या तिप्पट. दर अर्ध्या तासाला उठल्यावर आत येणारा करंट मोजायचा आणि बेरीज पाठवायची. बाहेर जाणारं तर माहितीच आहे, 0.26 ने झोपेचे 6 आणि कामाचे 3, दिवसाला साधारण 9-10. कोड मी रविवारी टाकते इथे.

सातपुड्याच्या_पायथ्याशी | 15 सप्टेंबर, सकाळी 7:15

ताई कोड टाकाल तेव्हा मलाही लागेल. पीआयआरवाला कॅमेरा लावला, पहिल्या रात्री 64 फोटो आले. 61 आमच्याच कुत्र्याचे.

नवीन440 | 15 सप्टेंबर, सकाळी 9:33

बाकीचे 3?

सातपुड्याच्या_पायथ्याशी | 15 सप्टेंबर, सकाळी 9:50

दोन रोहीचे. एक माझ्या भावाचा, रात्री दोन वाजता कुठून येत होता ते विचारायचंय अजून.